मुसळधार पावसाच्या ओढीने घर शोधताना: एका कुटुंबाच्या स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका तिघांच्या कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि गावाचा नेमका उल्लेखही टाळला आहे. श्री. प. हे यंत्रसामग्रीच्या क्षेत्रातील अभियंता असून 2020 साली त्यांचे वय पन्नास होते. त्यांच्या पत्नी श्रीमती स. घरूनच हिशेबतपासणीची कामे करत. श्री. प. यांच्या शहात्तर वर्षांच्या आई त्यांच्याजवळ राहत आणि त्यांना दम्याचा जुना त्रास होता. मी डोंगराळ भागातील घरांच्या जागांची पाहणी करण्याचे काम करतो आणि त्याच कामानिमित्त या कुटुंबाशी माझा संबंध आला. या प्रकरणातील एक चूक माझीही आहे आणि ती पुढे यथावकाश येईल.

श्री. प. यांचे बालपण कोयनानगरच्या धरण वसाहतीत गेले. तिथे वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शाळेला पावसाची सुट्टी मिळणे, पागोळ्यांखाली घंगाळे भरणे, रात्रभर पत्र्यावर चाललेल्या आवाजात शांत झोप लागणे या त्यांच्या आठवणी त्यांच्या बोलण्यात सतत येत. पुढे नोकरीमुळे ते पुण्यात स्थिरावले. पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने तिथला वार्षिक पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि या गृहस्थांना तो पाऊस वाटतच नसे. गच्चीवर पर्जन्यमापक बसवून हवामान खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता ते नोंद घेत, आणि ऑफिसला पोहोचल्यावर आधी घाटमाथ्यावरील केंद्रांचे आकडे पाहत. 26 जुलै 2005 रोजी ते कामानिमित्त मुंबईत होते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944.2 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातील कुलाब्याला केवळ 73.4. साकीनाक्यापासून ठाण्यापर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेल्यावरही, त्या रात्री आपल्याला भीतीपेक्षा आनंद अधिक झाला होता, हे त्यांनी मला संकोचत सांगितले.

या संकोचाला आणखी एक कारण होते. त्यांची बहीण सांगलीला कृष्णाकाठच्या वस्तीत राहते. ऑगस्ट 2019 मध्ये महाबळेश्वर आणि कोयनेच्या पाणलोटातील आकडे पाहून श्री. प. घरात उत्साहाने वाचन करत होते आणि दोन दिवसांनी तेच पाणी बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरले. “तुझा छंद आमच्या ओट्यापर्यंत येतो रे दादा,” असे ती म्हणाली. कुटुंबात हे वाक्य आजही थट्टेने उद्धृत होते, पण ते थट्टेपुरते नाही.

मूळ प्रश्न

मार्च 2020 नंतर टाळेबंदीमुळे श्री. प. यांना कायमचे घरून काम करण्याची मुभा मिळाली आणि वीस वर्षे मनात असलेला विचार एकदम शक्य कोटीत आला. ज्या ठिकाणी पाऊस अतिवृष्टीच्या मर्यादेला वारंवार पोहोचतो, अशाच ठिकाणी घर घ्यायचे, हा तो विचार होता. हवामान खाते चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार, 115.6 पासून पुढच्याला अतिजोरदार आणि 204.5 पासून पुढच्याला अत्यंत जोरदार म्हणते. श्री. प. यांना या तिसऱ्या वर्गाचे दिवस हवे होते आणि ते अनुभवायला गाडी काढून जायचे नव्हते, तर खिडकीपाशी बसून ते पाहायचे होते.

श्रीमती स. यांचा या कल्पनेला विरोध नव्हता, मात्र त्यांचा प्रश्न निराळा होता. पतींचे सगळे बोलणे एका दिवसात किती पाऊस पडतो याभोवती फिरत होते, तर असे किती दिवस सलग काढावे लागतात आणि त्या दिवसांत घर कसे चालते, हे त्या विचारत होत्या. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच आहे. प्रेम बसते ते कमाल आकड्यावर आणि संसार करावा लागतो तो कालावधीशी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक पाहून दुसरीचा अंदाज येत नाही. पूर्वीच्या त्यांच्या पावसाळी सहली तीन-चार दिवसांच्या होत्या आणि सहलीत भिजलेले कपडे पुण्याला परत आणून वाळवता येतात.

तोललेले पर्याय

सुरुवातीला मेघालयाचाही विचार झाला. मौसिनरामचा सरासरी पाऊस वर्षाला अकरा हजार मिलिमीटरहून अधिक आहे, पण तेथील कायद्यानुसार बाहेरच्या बिगर-आदिवासी व्यक्तीला जमीन घेता येत नाही. शिवाय भाषा, अंतर आणि आईंचे वय या बाबी होत्याच. तो विषय एका संध्याकाळीच संपला.

आंबोलीवर मात्र बराच वेळ गेला. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरातील पाऊस, दाट धुके आणि सावंतवाडीसारखे गाव तासाभराच्या अंतरावर, असे सगळे जुळत होते. अडचण कागदपत्रांत निघाली. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत सामाईक जमिनींच्या मालकीचा ‘कबुलायतदार गावकर’ हा जुना प्रश्न होता आणि सातबारावरील हक्क अनेक ठिकाणी स्वच्छ नव्हता. त्यातच महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो आणि हे कुटुंब तसे नव्हते. “बिनशेतीचा स्वच्छ तुकडा मिळाला तरच,” असे ठरवून आंबोलीचे नाव यादीत खाली गेले.

दापोली-गुहागरच्या किनारपट्टीचा पर्याय निसर्गानेच निकालात काढला. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यात श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत वीज येण्यास आठवडे लागले. श्री. प. यांना वाऱ्याचे प्रेम नव्हते, पावसाचे होते. हा फरक त्यांना स्वतःलाही त्याच आठवड्यात स्पष्ट झाला, असे ते म्हणतात. ताम्हिणी परिसरात पाऊस भरपूर असला, तरी विक्रीला असलेले बहुतेक तुकडे डोंगर कापून सपाट केलेले होते, म्हणून तो पर्यायही सोडला.

महाबळेश्वर तालुका उरला. सरासरी पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, पुण्याहून रस्ता परिचित, दवाखाने आणि बाजार जवळ. जानेवारी 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणी हे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने बांधकाम, वृक्षतोड आणि डोंगरउतार यांवर निर्बंध आहेत. श्रीमती स. यांना हे निर्बंध अडथळा न वाटता दिलासा वाटले, कारण शेजारी कुणी मनमानी खोदकाम करणार नाही, अशी त्यांची समजूत होती. ती अर्धीच खरी ठरली.

पाहणी आणि पहिला निर्णय

ऑक्टोबर 2020 मध्ये तालुक्यातील एका गावात पठाराच्या काठाखाली, पश्चिमेकडे दरी उघडी असलेला सुमारे दहा गुंठ्यांचा बिनशेती भूखंड आणि त्यावरचे जुने घर त्यांना दाखवण्यात आले. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, उतारावर कारवी हिरवीगार होती आणि दरीतून ढग वर येताना दिसत होते. श्री. प. यांनी मनातल्या मनात तिथेच पर्जन्यमापकाची जागा ठरवली. जानेवारी 2021 मध्ये तीन लाख रुपये विसार देऊन त्यांनी मला पाहणीसाठी बोलावले.

घराच्या मागे उतार कापून केलेली दोन पुरुष उंचीची उभी दरड होती. वर जांभ्याचा कठीण थर, त्याखाली कुजलेल्या बेसॉल्टची पांढुरकी-पिवळसर चिकण माती आणि त्याखाली मूळ काळा कातळ, असा त्या भागातला नेहमीचा क्रम तिथे दिसत होता. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून झरझर खाली उतरते, चिकण मातीपाशी अडते आणि दोन थरांच्या सांध्यातून झऱ्यासारखे बाहेर येते. माती पुरती भिजली की तिची पकड सुटते. हे मला ठाऊक असूनही, दरड कोरडी आहे, झाडे बहुतांशी सरळ आहेत आणि पाया कातळावर आहे असे पाहून मी “पाणी जायला भोके ठेवून माती अडवणारी धारक भिंत आणि वरच्या बाजूला चर काढल्यास जागा वापरण्याजोगी आहे” असा अभिप्राय दिला. जानेवारीत दरड कोरडीच असणार. हा अभिप्राय मी पावसाळ्यानंतरच्या पाहणीपर्यंत राखून ठेवायला हवा होता.

त्याच दिवशी शेजारचे एक वृद्ध शेतकरी बांधावर उभे राहून आमचे मोजमाप पाहत होते. निघताना ते श्रीमती स. यांना म्हणाले, “ताई, आता कोरडं दिसतंय. म्हातारा पाऊस लागला की मागनं पाणी फुटतं बघा.” पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा आणि पुष्य नक्षत्राचा, म्हणजे जुलैअखेरचा, तो म्हातारा, ही भाषा श्री. प. यांना लहानपणापासून माहीत होती आणि त्यांना ते ऐकून उलट आनंदच झाला. घरामागे स्वतःचा झरा असणार होता! श्रीमती स. यांनी मात्र ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि घरी परतल्यावर एक अट घातली. खरेदीखत पावसाळा संपल्यावर करायचे, आणि तोपर्यंत जून ते सप्टेंबर महाबळेश्वरमध्ये भाड्याने राहून पाहायचे. जमलेच नाही, तर विसार गेला तरी चालेल. त्यावर घरात बराच वाद झाला. विक्रेत्याने मुदत वाढवण्यास नकार दिला असता, तर श्री. प. यांनी बहुधा ती अट मानलीच नसती. विक्रेता तयार झाला तो केवळ टाळेबंदीमुळे दुसरे गिऱ्हाईक नव्हते म्हणून. हा निर्णय शहाणपणाने झाला असे लिहिण्याचा मोह होतो, पण त्यात योगायोगाचा वाटा मोठा होता.

दोन वह्या

1 जून 2021 रोजी कुटुंब पठारावरील बाजारपेठेजवळच्या एका दगडी घरात राहायला गेले. घरमालकाने आगोटीची कामे आधीच उरकली होती. वाऱ्याच्या बाजूच्या भिंतींना गवताच्या झडी बांधल्या होत्या, कौले चाळून घेतली होती आणि सरपण आत घेतले होते. झडी बांधल्या की घरात दिवसाही अंधार असतो, ही गोष्ट पर्यटकांना क्वचितच कळते.

श्री. प. यांची पावसाची वही चालू होतीच. श्रीमती स. यांनी दुसरी वही सुरू केली. तिच्यात वीज किती तास नव्हती, इंटरनेट केव्हा गेले, कोणते कपडे किती दिवसांनी वाळले, सासूबाईंना वाफ किती वेळा द्यावी लागली, आणि ऊन पडले असल्यास किती मिनिटे, हे लिहिले जाई. जुलैतील उन्हाचे दिवस एका हाताच्या बोटांवर मावले. गाद्यांना, चपलांना, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी आली. शेगडीवर बांबूची मोठी पाटी पालथी घालून तिच्यावर कपडे वाळवण्याची स्थानिक पद्धत त्यांनी शिकून घेतली, पण त्या धुराने आईंचा दमा वाढला. एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहावी, असे तिथे रोजच चाले. ओलावा शोषणारे विजेचे यंत्र आणले, तर वीज नसे. बॅटरीवर ते चालवावे, तर संगणकाला वीज पुरत नसे. आणि जुलैत छपरावरच्या सौर पट्ट्यांपासून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

हे सगळे असूनही श्री. प. त्या सात आठवड्यांत अतिशय सुखी होते, हे नोंदवणे आवश्यक आहे. त्यांची झोप सुधारली, रक्तदाब उतरला आणि संध्याकाळी ते धुक्यात तासभर फिरून येत. त्यांची ओढ हे खूळ म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते.

22 जुलै 2021

22 जुलैच्या सकाळपासून 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594.4 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढाच पाऊस त्या दहा गुंठ्यांवर पडला असे धरले, तर एका दिवसात तिथे सुमारे सहा लाख लिटर पाणी कोसळले. म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. शिवाय वरच्या उताराचे पाणी वेगळेच.

श्री. प. यांच्या पर्जन्यमापकाची बाटली रात्रीत दोनदा भरून वाहिली, त्यामुळे आयुष्यभर ज्या आकड्याची वाट पाहिली त्याची त्यांची स्वतःची नोंद अपुरी राहिली. मध्यरात्रीनंतर वीज गेली ती चार दिवसांनी आली. मोबाइलचे मनोरे बॅटरी संपल्यावर बंद पडले. आंबेनळी घाटात रस्ता अनेक ठिकाणी खचला आणि पोलादपूरकडची वाट बंद झाली. त्याच दिवशी महाडजवळ तळीयेला दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथेही दरडी आल्या. चिपळूण पाण्याखाली गेले आणि सांगलीला बहिणीकडे पुन्हा पाणी चढू लागले. मिरगाव कोयनानगरपासून जवळ आहे, श्री. प. यांच्या शाळेतील मित्रांची ती गावे. संपर्क सुरू झाल्यावर ही नावे एकेक करून कळत गेली. त्या आठवड्यानंतरच्या दिवसांत त्यांच्या वहीत आकडे आहेत, पण एरवी असणारी उद्गारचिन्हे नाहीत.

आईंच्या वाफेच्या यंत्राला वीज नव्हती. शेजारच्या एका उपाहारगृहाच्या जनित्रावर दिवसातून तीनदा ते चालवून दिले गेले. कुटुंबाला आठवडाभर निभावता आले ते या ओळखीमुळे, आणि ही ओळख अवघ्या सात आठवड्यांची होती. पठाराखालच्या एकट्या घरात ते असते, तर हा आधार नसता.

पाचव्या दिवशी आम्ही भूखंडावर गेलो. मागची दरड सुटून तिची माती स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत आली होती आणि जांभ्याचा एक मोठा ठोकळा नियोजित शयनगृहाच्या जागी पडला होता. वर काठापाशी जमिनीला नव्या भेगा होत्या. म्हातारा पाऊस 22 जुलैच्या दोन-तीन दिवस आधीच लागला होता.

परिणाम

खरेदी रद्द झाली. विक्रेत्याने बऱ्याच घासाघिशीनंतर निम्मा विसार परत केला, म्हणजे दीड लाख रुपये गेले. श्री. प. यांनी सप्टेंबरपर्यंतचा करार पूर्ण करण्याचा आग्रह धरला, श्रीमती स. आईंना घेऊन ऑगस्टच्या सुरुवातीस पुण्याला परतल्या. दोन महिने घर दोन ठिकाणी विभागले गेले आणि त्याचा ताण दोघांनाही जाणवला.

पुढचा मार्ग श्रीमती स. यांच्या वहीतूनच निघाला. सामान आणायला पाचगणीला गेल्यावर तिथे ऊन असल्याची नोंद तिच्यात वारंवार होती. या पट्ट्यात पावसाचा उतार फार तीव्र आहे. महाबळेश्वरपासून जेमतेम 18-19 किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस साधारण एक तृतीयांशावर येतो आणि पसरणी घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत त्याच्याही निम्म्याखाली जातो. ढग पश्चिमेच्या कड्यावर चढताना रिते होतात आणि पूर्वेकडे उरलेसुरले पोहोचते. म्हणजे अतिवृष्टीच्या अर्ध्या तासाच्या अंतरावर, पण तिच्याबाहेर राहता येते.

2022 च्या उन्हाळ्यात त्यांनी पाचगणीच्या सपाट भागातील इमारतीत पहिल्या मजल्यावरचे घर भाड्याने घेतले. ते विकत घेतले नाही आणि अजूनही घेतलेले नाही. महाबळेश्वरच्या त्याच दगडी घरातील एक खोली जुलै-ऑगस्टसाठी श्री. प. यांनी राखून ठेवली आहे. हवामान खात्याचा इशारा पिवळा वा नारिंगी असेल, तर ते तिथे जाऊन राहतात. लाल असेल, तर जात नाहीत आणि आधीच गेलेले असल्यास रस्त्यावर उतरत नाहीत. हा नियम श्रीमती स. यांनी कागदावर लिहून दाराला लावला आहे. आई जून ते सप्टेंबर पुण्यात धाकट्या मुलाकडे असतात. श्री. प. यांना ही तडजोडच वाटते. “पाचगणीचा पाऊस म्हणजे उकळलेल्या चहाला फुंकर,” असे ते म्हणतात. श्रीमती स. यांच्या मते पाचगणीही दमटच आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट म्हणजे जागा पाहण्याचा ऋतू. पावसासाठी जागा घ्यायची आणि ती ऑक्टोबर-जानेवारीत पाहायची, हा विरोधाभास आमच्यापैकी कुणालाच वेळेवर बोचला नाही. जुलैच्या अखेरीस एकदा जरी दरडीपाशी उभे राहिलो असतो, तर सांध्यातून फुटणारे पाणी दिसले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे विसाराचा कागद. ‘पावसाळ्यानंतरच्या पाहणीत उतार अस्थिर आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ असे एक वाक्य त्यात असते, तर दीड लाख वाचले असते. मुदतवाढीची अटही तोंडी ठरली होती, लेखी नव्हती.

आईंच्या प्रकृतीचा विचार पर्यायांच्या टप्प्यावर ‘दवाखाना जवळ आहे’ एवढ्यावर थांबला, याची खंत दोघांनाही आहे. प्रश्न दवाखान्याच्या अंतराचा नव्हता. चार महिने ओल्या, बंद घरात दम्याचा रुग्ण कसा राहील, हा होता, आणि तो डॉक्टरांना मे महिन्यातच विचारता आला असता.

माझ्या बाजूने बदल असा की 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर दरड कोसळून 151 जणांचा जीव गेल्यानंतरही मी कापलेल्या उताराखालच्या घराला सशर्त होकार देत होतो. आता देत नाही. शेजाऱ्यांना ‘पाणी कुठून आणि कोणत्या नक्षत्रात फुटते’ हे विचारल्याशिवाय पाहणीचा अहवालही लिहीत नाही. त्या वृद्ध शेतकऱ्यांचे वाक्य माझ्या जानेवारीच्या अहवालात नव्हते, कारण ते मला ऐकू येऊनही मी त्याला माहिती मानले नव्हते.

फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच गावावरून जाताना भूखंड पुन्हा विक्रीला असल्याचे दिसले. पडलेली माती पसरून अंगण मोठे केले होते, दरडीला नवी सिमेंटची भिंत होती आणि तिच्यात पाणी जाण्यासाठी एकही भोक ठेवलेले नव्हते. जुना अहवाल मागे घेत असल्याचे पत्र, जुलै 2021 च्या छायाचित्रांसह, मी विक्रेत्याला आणि त्याच्या मध्यस्थाला पाठवले. उत्तर आलेले नाही.